अंगणातील गाणे

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावात भजनाला रंग चढला की टाळ, मृदंग आणि टाळ्या समेवर एकत्र येतात. ताल न शिकलेले पोरही मान डोलावून सम दाखविते. संत नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात. तेव्हा त्यात नवल ते काय! परंतु जगात असेही एक संगीत आहे, की ज्यात पहिल्याच मात्रेवर ढोल मुका राहतो. त्याचे नाव रेगे. कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर ते जन्मले, आणि ‘वेलर्स’ या गायकवृंदाने ते जगभर नेले.

जमैकातील बहुसंख्य लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज होत. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत राबले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण दारिद्र्य सरले नाही. राजधानी किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन ही अशीच गरिबांची वस्ती. एका अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडे, पाण्याचा नळ सामाईक. मुंबईच्या चाळीची आठवण व्हावी!

याच वस्तीत बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन ही मुले गाऊ लागली. वाद्य घेण्यास पैसा नव्हता. बनीने बांबू, माशांचा रिकामा डबा आणि विजेच्या तारा यांतून गिटार बनविली, असे सांगतात. जो हिग्ज नावाचा गायक आपल्या अंगणात मुलांना मोबदला न घेता शिकवी. आपल्या भजनात सारे एकच सूर धरतात. येथे तिघांनी तीन निरनिराळे सूर धरावयाचे, आणि तरीही गाणे एकच राहावयाचे. हे सोपे नव्हे.

१९६३ मध्ये वृंद उभा राहिला. ‘वेलर्स’ म्हणजे विलाप करणारे. मात्र त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गीतात नुसता विलाप नव्हता. मारामाऱ्या करणाऱ्या वस्तीतल्याच तरुणांना ते ‘शांत व्हा’ असे बजावीत होते. १९६४ च्या आरंभी ते सर्वांच्या तोंडी झाले.

पुढे कार्लटन बॅरेट हा ढोलवादक व त्याचा भाऊ ॲस्टन त्यांना मिळाले. चार मात्रांपैकी पहिली मात्रा कार्लटन रिकामी सोडी आणि मोठा ढोल तिसरीवर वाजवी. गिटारीचे आखूड आघात मधल्या फटींत पडत. ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो, आणि त्यातच या संगीताची सारी गोडी आहे.

१९७४ पर्यंत तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वृंदाचे नाव बॉबने पुढे चालविले. जमैकातील दोन राजकीय पक्षांचे अनुयायी तेव्हा एकमेकांच्या जिवावर उठले होते. एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनच्या जलशात बॉबने मायकेल मॅन्ली व एडवर्ड सिआगा या प्रतिस्पर्धी पुढाऱ्यांना रंगमंचावर बोलाविले आणि दोघांचे हात एकमेकांत गुंफून उंच धरले.

त्याने रक्तपात थांबला काय? नाही. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मारली गेली. पुढच्याच वर्षी बॉब कर्करोगाने वारला. तो अवघा ३६ वर्षांचा होता. १९८७ मध्ये पीटर आपल्या घरी लुटारूंच्या गोळ्यांना बळी पडला. बनी मात्र २०२१ पर्यंत जगला. बॉब ज्या अंगणात राहत असे, ते आता संग्रहालय म्हणून जपलेले आहे.