साठ की आठ? रेकॉर्डिंग पाठवायच्या आधी एवढं बघा



आज उसाची नोंद नाही. ज्या आवाजातून उसाच्या नोंदी तुमच्यापर्यंत येतात, त्या आवाजाबद्दल लिहितोय. बऱ्याच जणांनी विचारलं, दादा, तुमचं रेकॉर्डिंग साध्या मोबाइलवर पण स्पष्ट येतं, ते कसं करता? मी दहावी शिकलेला माणूस, पण दोन-तीन वर्षं हेच करतोय, त्यामुळं कशानं काय होतं ते आता कळतंय.

आधी हे कशाला करायचं ते सांगतो. आमच्या भावकीतल्या आप्पांना वाचता येत नाही. लिहिलेली पोस्ट त्यांच्या उपयोगाची नाही, ते ऐकून शेती करतात. गेल्या पावसाळ्यात कुठल्यातरी ग्रुपवरून फिरत आलेलं तणनाशकाचं रेकॉर्डिंग घेऊन ते आले. म्हणाले, "आरं, ह्यो बाबा आठ म्हणतोय का साठ?" मी कानाला लावून तीनदा ऐकलं. मला पण कळंना. शेवटी पुडी मागवली, तिच्यावर एकरी आठ ग्रॅम छापलेलं होतं. आठच्या जागी साठ गेलं असतं तर ऊस गेला असता, आणि पुढच्या पिकाचं काय झालं असतं ते वेगळंच.

त्या माणसानं बरोबरच सांगितलं असणार. बिघाड झाला तो फाईल बारीक करताना. 'साठ' आणि 'आठ' मध्ये फरक फक्त 'स'चा. 'स'चा आवाज म्हणजे बारीक सूं, त्याचा बराच भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या फोनच्या लाईनीतून साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जायचा. म्हणून फोनवर नाव सांगताना "स, सशाचा स" म्हणावं लागायचं. फाईल फार दाबली की तसंच होतं. बोलणं ऐकू येतं, माणूस ओळखू येतो, पण नेमका आकडा मार खातो.

आता सेटिंग. मी संगणकावर ऑडॅसिटी वापरतो, ते फुकट मिळतं. मोबाइलवरच्या अॅपमध्ये पण हीच नावं दिसतील.

सँपल रेट ४४१०० ठेवा. त्याच्या निम्म्यापर्यंतचे हर्ट्झ फाईलमध्ये मावतात, हा सरळ हिशोब. ८००० केलं तर ४००० च्या वरचं सगळं गेलं, त्यात आपला 'स' पण गेला.

चॅनेल मोनो ठेवा. आपण एका माइकवर बोलतो, ऐकणाऱ्याच्या मोबाइलला बहुतेक एकच स्पीकर. स्टिरिओ कुणासाठी करायचं? कॉलर माइकवर कधी कधी आवाज फक्त डाव्या कानात येतो, तो घोळ पण मोनोनं मिटतो. पण तेव्हा भरलेली बाजूच घ्या. रिकामी बाजू मिसळली तर आवाज पडतो.

बिटरेट म्हणजे पाइपातनं सेकंदाला किती पाणी सोडायचं ते. बोलण्यासाठी एमपी३ मध्ये मोनो ६४ पुरतं. बिटरेटला साडेसातनं गुणलं की एका मिनिटाची फाईल किती केबी ते निघतं. ६४ ला ४८० केबी, म्हणजे पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग २.४ एमबी. तेच स्टिरिओ वेव्ह फाईलमध्ये ५३ एमबीच्या आसपास जातं, बांधावर रेंज नसताना ते कोण उतरवणार? आणि हाव करून ३२ वर गेलात तर विहिरीतनं बोलल्यासारखं होतं. गाणं किंवा भजन असेल तर १२८ किंवा वर घ्या.

एक्स्पोर्टच्या आधी दोन कामं करायची. लो कट, काही अॅपमध्ये हाय पास म्हणतात, तो ८० हर्ट्झला लावा. ट्रॅक्टरची घरघर आणि वाऱ्याचे धपके बरेच कमी होतात. मोबाइलच्या स्पीकरला तो जाड आवाज वाजवता येतच नाही, पण फाईलमध्ये तो जागा अडवून बसतो आणि आपलं बोलणं मोठं करता येत नाही. नंतर नॉर्मलाईज करून सगळ्यात मोठा आवाज उणे १ डेसिबलवर आणा. शून्याला भिडवू नका, एमपी३ वाजताना फाटतो. आणि मुळात वाऱ्याकडं पाठ करून बोला, तेवढ्यानंच निम्मं काम होतं.

आता महत्त्वाचं. मूळ वेव्ह फाईल जपून ठेवा. ते आपलं बेणं. दुरुस्ती करायची झाली तर बेण्यातनंच नवीन लावण करा. एमपी३ उघडून परत एमपी३ केली की तो खोडवा, त्यातनं परत केली की निडवा. दर खेपेला उतारा घटतो, आणि गेलेला आवाज कितीही खत घातलं तरी परत येत नाही.

व्हॉट्सअॅपवर तयार फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशी आहे तशी जाते. एखाद-दोन मिनिटांचं सांगायचं असेल तर सरळ व्हॉइस मेसेज चालतो. तो ओपस पद्धतीनं दाबला जातो, आणि ओपस कमी जागेत बोलणं चांगलं सांभाळतं. फेसबुकवर नुसता आवाज टाकता येत नाही, शेताचा फोटो लावून व्हिडिओ करावा लागतो. तिथं आवाज एएसी १२८ ला ठेवा. फेसबुक आपल्या बाजूनं परत दळतं, म्हणून देताना थोडं भरडच द्यायचं.

कृषी सहायक साहेब आणि कंपन्यांची पोरं पण हे पान वाचतात, त्यांना खास सांगणं. सेटिंग कितीही चांगलं असलं तरी आकडा दोनदा बोला. "साठ ग्रॅम. सहावर शून्य, साठ." ग्रॅम का मिली, पंपाला का एकराला, ते पण तिथंच बोला. खाली आकड्यात लिहा, पण लिहिलंय म्हणून बोलायचं सोडू नका. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजाशिवाय दुसरा आधार नाही.

पाठवायच्या आधी फाईल घरातल्या सगळ्यात साध्या मोबाइलवर, स्पीकर लावून, मोटर चालू असताना ऐका. हेडफोनवर सगळंच गोड लागतं. तिथं आकडा कळला तर पाठवा, नाहीतर परत रेकॉर्ड करा.

पुढच्या आठवड्यात बाळबांधणीची नोंद टाकतो. वाफसा आला तर.