ब्राउनिंगपासून अशनीपर्यंत

स्वस्त आणि भरवशाचं पिस्तूल कुठलं, असा विषय 1970च्या सुमाराला कोल्हापुरात कुणी काढला असता, तर संध्याकाळ सहज त्यात गेली असती. बेल्जियमचं ब्राउनिंग की बर्मिंगहॅमचं वेब्ली, यावरून दोन तट पडायचे. जर्मन वॉल्थरचं नाव घेणारे थोडे, आणि त्यांचा खिसाही तेवढा जड. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जीव असणारे त्याहून थोडे, पण हट्टी. पैसे कमी असतील तर स्पेनचं लामा किंवा अ‍ॅस्ट्रा होतंच, फक्त ‘स्पॅनिश आहे’ हे सांगताना मालकाचा आवाज जरा खाली यायचा. वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे परवाना नव्हता, हा भाग वेगळा.

हाच प्रश्न परवा माझ्या भाच्याने विचारला. गुजरीत त्याचं सराफी दुकान आहे, रात्री ऐवज घेऊन घरी यावं लागतं, म्हणून परवान्यासाठी अर्ज केलेला. त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं, की मी पिस्तुलाबद्दल कमी आणि फॉर्म, बोअर, पोर्टल यांबद्दलच जास्त बोलतोय.

पिस्तूल म्हटलं की ब्राउनिंग, हे समीकरण महाराष्ट्रात फार जुनं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने 1899 मध्ये .32 बोअरचं काडतूस आणि ते आपोआप भरणारं पिस्तूल बेल्जियमच्या कारखान्यासाठी तयार केलं. त्याला जेमतेम दहा वर्षं होतात तोच सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली, आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ज्यांनी जन्मात पिस्तूल पाहिलं नाही अशा घरांतसुद्धा ब्राउनिंग हे नाव त्यानंतर कायमचं राहिलं.

आमच्या अण्णामामांकडे होतं ते या घराण्यातलं 1910 सालचं मॉडेल. मामा शेतकरी, शिकारीचा नाद असलेले, आणि कोर्टकचेऱ्यांमुळे चार शत्रू बाळगून असलेले. खंडेनवमीच्या सकाळी ओसरीवर जुना ‘पुढारी’ अंथरून त्यावर दुनळी, रायफल आणि पिस्तूल मांडलं जायचं. मुलांनी बसायची जागा ठरलेली, मामांच्या पाठीमागे. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून करंगळी आत घालून बघायचं, आणि नंतरच बाकी काम. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं समजणाऱ्या माणसाला शस्त्र देऊ नये, असं ते दरवर्षी सांगत. कारण एक काडतूस नळीत बसलेलं असू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. या मॉडेलची स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली. तोंडाशी असलेलं खाचांचं बोंडूक दाबून फिरवलं की ती सुटते, आणि अंगठा जरा हलला की उडते. एका वर्षी ती थेट कणगीमागे गेली आणि पूजा दुपारवर गेली. पुसायला रंगून ऑइल. झेंडूच्या वासात मिसळलेला त्याचा वास मला अजून ओळखता येईल.

हे पिस्तूल मामांनी दुकानातून सेकंडहँड घेतलं होतं, आणि घेताना दुकानदाराने जे केलं ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा करून दाखवलं की पाठ झालं. नळी उजेडाकडे धरायची नाही. आपल्या अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरायचं, नखावर पडलेला उजेड आत परावर्तित होतो आणि पुढून बघितलं की आतले आटे स्वच्छ दिसतात. गंज, खड्डा, फुगवटा काही लपत नाही. मग रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत पेन्सिल सरकवायची, तोंड वर करायचं आणि चाप ओढायचा. पेन्सिल टुणकन वर उडाली तर पिन आणि तिची स्प्रिंग ठीक. शेवटी स्लाइड कानाशी हलवून खुळखुळ किती आहे ते ऐकायचं. पावतीवर गॅरंटी नावाची गोष्ट नव्हती. दुकानदार म्हणायचा, वर्षभरात काही वाटलं तर घेऊन या. आणि लोक घेऊन जायचे, कारण दुकानाच्या मागच्या बाजूला लेथवर बसलेला मिस्त्री असायचा, जो पिनही घडवायचा आणि स्प्रिंगही वळायचा.

स्वस्त म्हणजे काय, याचंही तेव्हा साधं गणित होतं. पिस्तुलाची किंमत जास्त असली तरी ते एकदाच घ्यायचं आणि मुलाच्या नावावर करायचं. खर्च काडतुसांचा. मामांकडे बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचे जुने डबे होते. ते संपल्यावर आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं, बुडाला ‘के एफ’ असा शिक्का असलेली. खडकीचा हा कारखाना 1869 सालचा. परदेशी पिस्तूल आणि पुण्याचं काडतूस असा संसार बहुतेक घरांत होता.

.32च का, हे भाच्याला समजावायला वेळ लागला. त्याने सिनेमात आणि मोबाइलवर पाहिलेलं सगळं नऊ एमएम. आपल्याकडे लष्कर आणि पोलीस जे बोअर वापरतात ते सामान्य नागरिकाला बंद: नऊ एमएम, .38, .303 वगैरे. दुकानदारांच्या भाषेत पीबी, म्हणजे प्रतिबंधित बोअर. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात आणि तो तुमच्या-आमच्या वाट्याला येत नाही. एनपीबीमध्ये, म्हणजे अप्रतिबंधित बोअरमध्ये, पिस्तूल म्हणून उरतं ते मुख्यतः .32. त्यामुळे जगात इतरत्र मागे पडलेलं 1899 सालचं हे काडतूस भारतात अजून जोरात आहे. माझा दुसरा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याने तीनशे डॉलरच्या आत नवं कोरं ब्राझीलचं टॉरस घेतलं, नऊ एमएम. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरला, दुकानदाराने तिथल्या तिथे सरकारी यंत्रणेकडून तपासून घेतलं, आणि हा संध्याकाळी पिस्तूल घेऊन घरी. हेवा वाटावा असं मला त्यात काही वाटलं नाही, उलट जरा धास्तीच वाटली. पण निवड म्हणाल तर तिथे भिंतभर आहे.

आपल्याकडची भिंत 1980च्या दशकाच्या मध्याला रिकामी झाली. त्याआधी 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली होती आणि मामांची रायफल पेटीत गेली होती. मग परदेशी शस्त्रांची आयात थांबली. आधी कुणाला फारसं जाणवलं नाही, कारण दुकानांत माल होता. तो संपला तसा भाव चढत गेला. जे स्पॅनिश पिस्तूल दबक्या आवाजात सांगायचं होतं, त्यालाही ‘इंपोर्टेड’ म्हणून मान आला. वॉल्थर पीपीके तर काही लाखांवर गेलं. या किमतीचा पिस्तुलाच्या कामाशी काहीही संबंध नव्हता. पन्नास वर्षांची थकलेली स्प्रिंग, मिस्त्रीने घडवलेली पिन, दस्त्याला तडा, आणि तरी गिऱ्हाईक रांगेत, कारण नवं येणारच नव्हतं. जुनं ते सोनं म्हणतात ते इथे अगदी सराफी अर्थाने खरं ठरलं: लोक ठेव म्हणून पिस्तूल घ्यायला लागले.

ज्यांना तेवढं परवडत नव्हतं त्यांनी सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांची वाट धरली. कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर, जुन्या वेब्लीच्या वळणाचं, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .32 पिस्तूल, ज्याला पुढे ‘अशनी’ नाव मिळालं. थेट कारखान्याकडे नोंदणी करायची, डिमांड ड्राफ्ट पाठवायचा आणि वाट बघायची. आवडीनिवडीला वाव नव्हता. मामांच्या पिढीने या शस्त्रांना नाकं मुरडली. फिनिश बघा, म्हणायचे. फिनिशच्या बाबतीत त्यांचं खरं होतं. बेल्जियमच्या पोलादावरची ती निळी-काळी झिलई आजही डोळा धरून ठेवते. पण पिस्तूल शोकेसमध्ये ठेवायला घ्यायचं नसेल, तर सुटा भाग मिळणं ही झिलईपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद मात्र तेव्हाही होता आणि आजही तसाच आहे. पिस्तुलात गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलते. चाप दर गोळीला नव्याने ओढायचा, भरण्याचं काम ते स्वतः करतं. आता काडतूस जुनं, ओल लागलेलं, जोर कमी पडणारं निघालं, तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी तोंडात अडकते. हात सैल धरला तरी तेच. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडता शस्त्र कपाटात ठेवलं, त्यांच्यासाठी रिव्हॉल्व्हर. पिस्तूल चपटं, कमरेला लपणारं, भरायला झटपट, पण त्याला सराव लागतो आणि ताजी काडतुसं लागतात. काडतुसं तर परवान्यावर लिहिली तेवढीच, एका वेळी किती आणि वर्षाला किती, दोन्ही आकडे ठरलेले. मग सराव करायचा कशाने? आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारकांनी आपलं शस्त्र पूर्वीही नीट चालवून पाहिलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. गावच्या लग्नातले हवेतले बार मी सरावात धरत नाही. तो गुन्हा आहे.

सराव काय असतो ते बघायचं तर आमच्याच गावच्या राही सरनोबतकडे बघावं. 2018च्या आशियाई स्पर्धेत तिने 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, असं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिच्या हातातलं .22 पिस्तूलही सेमी-ऑटोमॅटिकच, म्हणजे स्वतः भरणारं. पण ते खेळाचं, परदेशातून विशेष परवानगीने येणारं. सराफाच्या कमरेला लावायचं नव्हे.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पुन्हा पालटलं. 2014 मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात; त्या किमतीवरून वर्तमानपत्रांत भरपूर टिंगल झाली. 2016च्या नव्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादकांना दार थोडं उघडलं. 2020 मध्ये खुद्द वेब्ली उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात, संडीला इथे येऊन .32 रिव्हॉल्व्हर बनवायला लागली. मामा असते तर ‘हरदोईचं वेब्ली’ या शब्दांवर त्यांनी सुपारी कातरायची थांबवली असती. 2021 मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि त्यातल्या कानपूरच्या कंपनीने 2023 मध्ये ‘प्रबळ’ काढलं. थोडक्यात, पुन्हा निवड करता येते, आणि माल कारखान्यातून कोरा येतो.

कठीण झालं आहे ते पुढचं-मागचं. मामांच्या वेळी परवाना म्हणजे कलेक्टर कचेरीतलं एक लाल पुस्तक आणि मामलेदाराची ओळख. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तालयात अर्ज, पोलीस पडताळणी, धोका नेमका काय याचं उत्तर, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस. पूर्वी तीन शस्त्रं ठेवता यायची, 2019च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. माझ्या मामेभावाने दुनळी आणि ब्राउनिंग ठेवलं, रायफल जमा केली. हे नियम जाचक आहेत असं मला वाटत नाही. प्रशिक्षणाचा दाखला तर फार आधी हवा होता. मुलांना पाठीमागे बसवणारा मामा प्रत्येक घरात नसतो.

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. जुन्या इंपोर्टेडच्या नादी लागू नकोस. त्याच्या किमतीत तीन भाग नावाचे आणि एक भाग पिस्तुलाचा असतो. नवं, भारतीय, .32 घे. आपल्या दुकानदाराकडे बाराही महिने जी काडतुसं मिळतात त्यांच्याच दोन-चार मॅगझिन रेंजवर झाडून बघ, एकदाही अडकलं तर तिथेच परत कर. वर्षातून एकदा तरी रेंजवर जाणं होणार नसेल, तर पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर घे. आणि या सगळ्याच्या आधी दुकानातली तिजोरी आणि रोजची यायची-जायची वेळ बदल, ते सगळ्यांत स्वस्त पडतं. त्याला हे शेवटचं आवडलं नाही.

ज्यांच्या घरी वडील-आजोबांचं पिस्तूल कपाटात पडून आहे, त्यांना एक सांगणं. परवानाधारक सत्तरीचा झाला असेल किंवा ते शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. बहुतेक घरं माणूस गेल्यावर जागी होतात, आणि तोवर बिनपरवाना शस्त्र घरात असतं. अर्ज आता करा, आणि तो मंजूर होईपर्यंत शस्त्र परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्या.