उतरणीचा विचार

घरातील वडीलधाऱ्यांना सहलीस नेताना आपण प्रथम काय ठरवतो? बहुधा ठिकाणे. मीही तेच केले होते.

धाकटा भाऊ टोकियोत नोकरीला असल्याने ७६ वर्षांच्या आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. तेथून आगगाडीने तासाभरावर कामाकुरा हे समुद्रकाठचे प्राचीन नगर आहे. महाबुद्ध, सागरकिनारा आणि जवळचे एनोशिमा बेट, हे सारे एका दिवसात पाहण्याचा बेत मी आखला.

कामाकुराहून ‘एनोदेन’ ही छोटी गाडी निघते. १९०२ पासून चालू असलेला हा मार्ग घरांच्या कुंपणांना जवळजवळ खेटून जातो. हासे स्थानकावर उतरून आम्ही अमिताभ बुद्धांच्या तेराव्या शतकातील ब्राँझच्या मूर्तीपाशी गेलो. उंची सुमारे ११ मीटर. भोवतालचे मंदिर नैसर्गिक आपत्तींत नष्ट झाले. तेव्हापासून शतकानुशतके ही ध्यानस्थ मूर्ती ऊन-पाऊस सोशीत उघड्यावर बसली आहे. आईलाही तेथे निवांत बसायचे होते. मी घड्याळाकडे पाहिले. ती निमूटपणे उठली.

पुढे समुद्र रुळांच्या अगदी लगत आला. एनोशिमाला पूल ओलांडून पोहोचलो. बेटावर चढण आहे, पण १९५९ पासून तेथे तिकीट काढून वापरता येणारे सरकते जिने आहेत. आई आनंदाने वर गेली. तेथील देवस्थान बेन्झाइतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीच्या जपानी रूपाचे. हाती वीणेऐवजी ‘बिवा’ हे तंतुवाद्य असते, हे कळताच तिने भक्तिभावाने हात जोडले.

परतताना माझी चूक ध्यानात आली. ते जिने केवळ वर जातात. उतरायचे ते पायांनीच. उतरताना तर गुडघ्यांवर अधिक ताण येतो. निम्म्या वाटेवर आईला भोवळ आली. मी तिला सावरून पायरीवर बसवले.

“सकाळपासून पाणी किती प्यालीस?” मी विचारले.

ती ओशाळून म्हणाली, “दोन घोट. अगं, दर स्थानकावर तुला स्वच्छतागृह शोधायला कुठे लावू? तुझी ठिकाणे राहून गेली असती.”

वाचकहो, त्या वाक्याने मला जे शिकवले, ते कोणत्याही प्रवासपुस्तकात नव्हते. घोट घोट पाणी पाजून, तिला बरे वाटल्यावर, आम्ही वाटेतल्या चहाच्या दुकानात तासभर बसलो. समोर समुद्र होता. उरलेला बेत मी सोडून दिला. आईने त्या सहलीतील सर्वांत सुखाची वेळ म्हणून पुढे नेहमी तोच तास सांगितला.

वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते. त्यात आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल या संकोचाने अनेकजण पाणी टाळतात. म्हणून सोबत्याने स्वच्छतागृहाची चौकशी आधीच करावी आणि स्वतः प्रथम तेथे जावे, म्हणजे ज्येष्ठांचा संकोच गळून पडतो. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. भोवळ पुन्हा आल्यास तपासणी टाळू नये.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणांसही एक विनंती. तहान, थकवा, गुडघ्याची कळ आमच्यापासून लपवू नका. आपण बोललात तर आमचे एखादे ठिकाण पाहायचे राहील, एवढेच.