लपलेला बिघाड

घरातला एखादा पंखा कधी चालतो, कधी चालत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. वायरमनला बोलावले, की नेमका तो नीट फिरू लागतो. वायरमन गेला, की पुन्हा बंद! मग आपण हसून म्हणतो, "याची लहर आहे." घरात असे चालून जाते. पण भर समुद्रात एखाद्या यंत्राने असे केले तर?

मासेमारीच्या मोठ्या नौकांवर एक रेडिओ असतो. त्याला व्हीएचएफ सेट म्हणतात. तो गाणी ऐकण्यासाठी नसतो. त्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते. बोलायचे असेल तेव्हा माइकचे बटण दाबून धरायचे; ऐकायचे असेल तेव्हा सोडायचे. किनाऱ्यापासून दूर गेले, की मोबाइल मुका होतो. शिवाय मोबाइलवरची हाक एकालाच ऐकू जाते. रेडिओवरची हाक मात्र आसपासच्या सर्व नौकांना एकदम ऐकू येते. यातील १६ क्रमांकाचा चॅनल जगभर संकटातील हाकेसाठी आणि पहिल्या संपर्कासाठी राखलेला आहे.

माझे मामू रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील एका लाँचवर तांडेल होते. एका हिवाळ्यात त्यांच्या सेटमध्ये विचित्र बिघाड झाला. दुसऱ्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येई. पण मामूंनी बोलण्यासाठी बटण दाबले, की कधी कधी सेट विझून जाई. सेट दोनदा दुकानात नेला. दुकानातल्या टेबलावर तो दिवसभर उत्तम चालला. बिघाड दिसेचना, तर दुरुस्त काय करणार?

एका रात्री दुसऱ्या एका लाँचचे इंजिन बंद पडले. तिची हाक मामूंना ऐकू आली, पण त्यांना उत्तर देता येईना. सुदैवाने तिसऱ्या एका नौकेने त्या लाँचला ओढून बंदरात आणले. दुसऱ्या दिवशी मामू मला म्हणाले, "अरे, माणूस मदत मागतोय आणि मी नुसता ऐकत बसलोय. ती रात्र मला विसरता येत नाही. तू हे काम शिकला आहेस ना? मग याचा काय तो निकाल लाव."

मी आयटीआयमध्ये रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. मी म्हणालो, "मामू, मी सेट उघडणार नाही. आधी मला एक वही हवी."

मामू हसले. पण लाँचवर उर्दू शाळेत शिकलेला एक तरुण खलाशी होता. त्याने ते काम आनंदाने घेतले. सेट बंद पडला, की तो वहीत उर्दूत लिही : तारीख, वेळ, इंजिन चालू की बंद, लाटा किती, आवाज पाठवण्याची शक्ती २५ वॅट की १ वॅट.

दहा दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. त्या वाचताना मला गंमत वाटली. नऊच्या नऊ वेळा सेट २५ वॅटवर बोलतानाच बंद पडला होता. १ वॅटवर एकदाही नाही. नऊपैकी आठ वेळा इंजिन बंद होते. म्हणजे सेटला लहर नव्हती. त्याला काही तरी कमी पडत होते.

काय कमी पडत होते? विचार करा. ऐकताना सेटला विद्युतप्रवाह थोडा लागतो, सुमारे अर्धा अँपिअर. २५ वॅटवर बोलताना मात्र सुमारे ५ अँपिअर लागतो. इंजिन चालू असले, की बॅटरी चार्ज होत असते, त्यामुळे विद्युतदाब थोडा जास्त असतो. इंजिन बंद, की तो उतरतो. माझा संशय सेटवरून तारेकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन लाँचवर गेलो. एरियल नीट जोडलेली आहे ना, ते आधी पाहिले. कारण एरियलशिवाय बटण दाबले, तर सेट बिघडू शकतो. चॅनलही १६ क्रमांकाचा निवडला नाही. संकटाची वाट चाचणीसाठी अडवायची नसते. मामूंनी बटण दाबले. बॅटरीजवळ १२.४ व्होल्ट होते. सेटजवळ फक्त ९.९! अडीच व्होल्ट वाटेतच हरवले होते. मग मी वाटेच्या मध्यावर, फ्यूजजवळ मीटर लावले. फ्यूजच्या अलीकडे दाब पुरता होता, पलीकडे तो घटला होता. फ्यूजचे घर उघडले. आत तांब्यावर हिरवा कळंक चढला होता.

तुम्ही ओहमचा नियम शिकला असाल, तर हिशेब सोपा आहे. खाऱ्या हवेने त्या सांध्यात अर्धा ओहम रोध निर्माण झाला होता. अर्धा अँपिअर प्रवाह असताना तेथे पाव व्होल्टच खर्च होई. ५ अँपिअर असताना अडीच व्होल्ट खर्च होत. म्हणून सेट ऐके, पण बोलेना. आणि दुकानात तो नेहमी चाले, कारण कळंकलेला सांधा लाँचवरच राहिला होता!

मामू म्हणाले, "खरवडून टाक, झालं काम."

मी म्हणालो, "नको मामू. मीठ तारेच्या आतपर्यंत गेले आहे. चार महिन्यांनी हेच होईल." मी तारेचा तो तुकडा कापून काढला. कथिलाचा मुलामा दिलेली नवी तार आणि पाणी न शिरणारे फ्यूजचे घर बसवले. वही मात्र बंद केली नाही. जो बिघाड रोज दिसत नाही, तो एक दिवस दिसला नाही म्हणून गेला असे समजू नये. पंधरा दिवस वही कोरी राहिली, तेव्हाच मी दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हटले.

टायटॅनिक जहाजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९१२ साली ते हिमनगावर आदळले, त्याआधी याच प्रवासात त्याचा वायरलेस बंद पडला होता. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड या दोन तरुणांनी कित्येक तास खपून जळालेल्या तारा शोधल्या आणि वायरलेस सुरू केला. तेव्हा त्यांना पुढचे संकट ठाऊक नव्हते. त्याच वायरलेसवरची हाक ऐकून कार्पेथिया जहाज धावत आले आणि सुमारे ७०० माणसे वाचली. फिलिप्स मात्र वाचला नाही.

मित्रांनो, जी वस्तू संकटात हाक मारण्यासाठी आहे, तिचा बिघाड शांत दिवशीच शोधावा लागतो. पुढच्या वेळी एखादे यंत्र तुमच्यासमोर रुसले, तर त्याला थापट मारू नका. ते कधी रुसते आणि कधी चालते, हे आधी लिहून काढा. बिघाड लपलेला असला, तरी तो आपल्या खुणा मागे ठेवतोच.