रडर, बाबा आणि एक मिलीमीटर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीला अमरावतीला गेलो होतो. फराळ, पाहुणे वगैरे नेहमीचंच. पण माळ्यावरून विमान खाली काढलं आणि सुट्टीचे उरलेले दोन दिवस त्यातच गेले.

विमान म्हणजे रेडिओ कंट्रोलचं, बाल्सा लाकडाचं, पंख दीड मीटरचे. गेल्या वर्षी वलगावकडच्या एका पडीक वावरात उडवताना, जोरात वळवलं तेव्हा शेपटीतून भुर्रर्र असा आवाज आला आणि ते हाताबाहेर गेलं. बकऱ्या चारणाऱ्या एका पोरापासून दहा-बारा फुटांवर आपटलं. पोरगं हसलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढे वर्षभर मी ट्रान्समीटरला हात लावला नव्हता.

शेपूट मी नवीन केली होती. रडर मात्र पूर्वीसारखंच केबलवर. म्हणजे सर्व्हो मोटर विमानाच्या पोटात, तिच्या आडव्या पट्टीच्या दोन टोकांपासून दोन बारीक स्टीलच्या केबल मागे रडरच्या दोन बाजूंच्या हॉर्नपर्यंत. एक ओढते, दुसरी सोडते. वजन शेपटीत जात नाही, आणि लांब दांडीसारखं काही वाकतही नाही. बेलोऱ्याला 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं एटीआर-72 यायला लागलं, त्यातही पायलटच्या पायापासून रडरकडे केबलच जाते. हे सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले.

मी केबल ताणून बसवली. रडर मधोमध, एकदम टाईट. सर्व्हो सारखी गुणगुणत होती, म्हणजे खरं तर जास्तच ताणली होती. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

बाबांचा अनुभव सायकलच्या ब्रेकचा. म्हणाले, "अबे, मधात तं टाईट हाय. वळवून पाह्य न!"

स्टिक शेवटपर्यंत नेली. त्यांनी बोटाने रडर हलवलं. टक, टक.

"हे पाय, डुगडुगून राह्यलं."

रोज ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमध्ये एज केस शोधणारा मी! फक्त डिफॉल्ट व्हॅल्यू तपासून मोकळा झालो होतो.

मग कागद घेतला. हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेवर हवीत. माझी 8 मिमी मागे होती, कारण तिथलं प्लायवूड कडक होतं आणि स्क्रू छान बसत होते (आळस, दुसरं काय). अशाने रडर वळलं की दोन्ही केबल एकदम सैल पडतात. 30 अंशांना 8 गुणिले 0.134, म्हणजे साधारण एक मिलीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण हॉर्न 20 मिमीचा, त्यामुळे रडर दोन्हीकडे तीन-तीन अंश मोकळं हलणार. वेगात वारा तेच धरून फडफडवतो. तो भुर्रर्र बहुतेक याचाच. ताण वाढवून हे जात नाही, उलट सर्व्होचं बेअरिंग घासतं आणि बॅटरी संपते.

हॉर्न काढले, भोकं बुजवली, खाली प्लायचे नवे तुकडे चिकटवले आणि 8 मिमी पुढे बसवले. सर्व्होची पट्टीही हॉर्नच्या मापाचीच घेतली. केबल इतकीच ताणली की झोळ दिसू नये. गुणगुण थांबली.

सकाळी सातला वावरात पोचलो. बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळून बरोबर. आधी आम्ही दोघांनी चारी बाजूंना बकऱ्या दिसतात का ते पाहिलं. मग उडवलं. डावीकडे तीन कडक वळणं घेतली, कान शेपटीकडे.

"उतरव आता," बाबा म्हणाले. "मले बी पाह्यचं हाय, काय काय हाय त्या डब्ब्यावर."