वाटेत नदी येते

धारवाड जिल्ह्यातल्या आमच्या अळणावरहून समुद्राकडे निघालं की आधी हल्याळची सागाची रानं, मग यल्लापूरच्या पोफळीच्या बागा, आणि आरबैल घाट उतरला की माड. आम्हा घाटमाथ्यावरच्या माणसांना समुद्र असा पायरीपायरीने भेटतो. कुमटा ते गोकर्ण ही किनारवाट चालणारे बरेचजण पाठीवर तंबू घेऊन दोन दिवस काढतात. मी कागालपासून पुढचा टप्पा एका दिवसात चाललो, भरती-ओहोटीची वेळ विचारून घेऊन.

कागालला सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. वाकून, श्वास धरून बसल्यावर कारागीर दिसले: नखाएवढे खेकडे. वाळू तोंडाशी न्यायची, त्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. गोळ्यांची रांग प्रत्येक बिळापासून चहूकडे फुटलेली. पुढच्या भरतीत सगळं पुसलं जाणार, आणि ओहोटी लागली की पुन्हा तेच काम. तिथून माझा पाय लवकर निघेना.

समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, एवढंच या वाटेला पुरेल असं वाटतं. पण अघनाशिनी गावाशी वाट थांबते, कारण नदी येते. पलीकडे तदडी बंदर दिसतं, आणि मध्ये रुंद, शांत खाडी. पलीकडे नेणारी तर सुटेपर्यंत बसावं लागतं. त्या थांबण्यातच मला हा किनारा कळला. शिरसीकडच्या डोंगरात निघणाऱ्या या नदीवर कुठेही धरण नाही. उत्तरेची काळी अडवली, दक्षिणेची शरावती अडवली. ही मात्र पावसाचं पाणी आणि डोंगरातला गाळ जसाच्या तसा इथवर आणते. म्हणून खाडीत तिसऱ्या नावाचे शिंपले पिकतात, कांदळवन टिकतं, आणि काठच्या गजनी नावाच्या खाजण जमिनीत खारं पाणी सोसणारं कग्ग भात उभं राहतं. समोरच कमरेएवढ्या पाण्यात बायका पायाने चिखल चाचपत तिसऱ्या काढत होत्या. बोटांना लागलं की बुडी, आणि मूठ टोपलीत. ही खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२४च्या जानेवारीत जाहीर झालं. तदडीला औष्णिक वीज प्रकल्पाचा घाट घातला गेला होता, तो काठच्या लोकांच्या विरोधापुढे टिकला नाही. त्या लोकांचे माझ्यावरही उपकार आहेत असं मला मनापासून वाटतं.

तरीत दुचाक्या, माशांच्या टोपल्या आणि शाळेची मुलं. तांडेलाने विचारलं, “खंयचे तुमी?” अळणावर म्हटल्यावर तो म्हणाला, “जंक्शन?” त्याची कोंकणी आणि माझी कन्नडमिश्रित मराठी, आमचं छान जमलं.

तदडीनंतर बेलेकान, आणि तिथून वाट जांभ्याच्या कड्यावर चढते. पॅराडाइज आणि हाफ मून या किनाऱ्यांना गाडीरस्ता नाही. पायी जा नाहीतर होडीने. कड्यावर ऊन थेट अंगावर येतं, जांभा तापून बुटातून चटके देतो, आणि खाली पाणी इतकं निळं की पाय जपून टाकायचं भान राहत नाही. ओम किनाऱ्याच्या दोन कमानी वरूनच नीट दिसतात. कुडलेला माणसांची गर्दी लागली, मी भरभर ओलांडली.

गोकर्णात महाबळेश्वराच्या देवळाजवळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पण वाट इथे संपत नाही. उत्तरेला थोड्याच अंतरावर गंगावळीचं मुख आहे. धारवाडला सोमेश्वराशी उगवणारी शाल्मला कलघटगीकडे बेडतीला मिळते, आणि तीच बेडती गंगावळी होऊन इथे समुद्रात शिरते. आमच्या धारवाडवर पडलेला पाऊस माझ्याआधी कितीतरी वेळा ही वाट चालून आलेला आहे. आता गंगावळी ओलांडून अंकोल्यापर्यंत चालायचं आहे, पावसाळा सरला की, नदीचं पाणी अजून गढूळ असतानाच.