डाव्या कानाची गोष्ट

गेल्या श्रावणांत माझा डावा कान गेला अशी माझी खात्री झाली. साठी उलटलेल्या माणसास अशी खात्री व्हावयास फारसा पुरावा लागत नाहीं. मला तो मिळाला तो असा.

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं आषाढांत एक लहानसें यंत्र पाठविलें. पानाच्या डब्याहून तें मोठें नव्हे. त्यास डॅक म्हणतात. हल्लीं गाणें फोनवर किंवा संगणकावर सांठविलेलें असतें तें केवळ आंकड्यांच्या रूपानें. त्या आंकड्यांचें पुन्हां कमीअधिक होणाऱ्या विद्युद्दाबांत रूपांतर करावयाचें, एवढेंच या यंत्राचें काम. पुढें तो दाब वाढवून स्पीकर हलविणें हें काम अँप्लिफायरचें, आणि तो माझ्या घरीं १९८६ सालापासून आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांची शिल्लक घालून मीं तो नांदेडहून आणिला आणि त्यापायीं वडिलांचें बोलणेंहि ऐकून घेतलें.

यंत्र जोडून मीं प्रथम अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लाविली. खाँसाहेब १९३७ सालीं निवर्तले; त्यांच्या सर्व तबकड्या एकाच मार्गाच्या, डाव्याउजव्याचा भेद नसलेल्या. अशी तबकडी दोन स्पीकरांवर लावून श्रोता बरोबर मध्यें बसला, म्हणजे दोन्ही कानांस तोच ध्वनि तेवढ्याच जोरानें एकाच क्षणीं पोंचतो, आणि गवई दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीपाशीं बसला आहे असा भास होतो. आमचे खाँसाहेब मात्र उजवीकडे सरकले आणि उजव्या पेटीला टेकून गाऊं लागले. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. यंत्र नवें कोरें. अँप्लिफायर जुना खरा, पण कॅसेटच्या काळीं त्यानें असें कधीं केलें नव्हतें. तेव्हां दोषी कोण, तर कान.

ही गोष्ट गाण्यापुरतीच असती तर मीं ती सोसली असती. परंतु दर रविवारीं सकाळीं गल्लींतलीं पांचसहा मुलें माझ्याकडे संस्कृताची संथा घ्यावयास येतात, आणि उच्चारांच्या बाबतींत मी कडक आहें. ‘ष’च्या जागीं ‘श’ आला, दीर्घ स्वर अर्धा गिळला, कीं तेथेंच थांबवावयाचें. ज्याला स्वतःच्या कानाचा भरंवसा नाहीं त्यानें दुसऱ्याच्या जिभेला कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं? भाद्रपद लागतांच मुलांस सांगितलें, “गणपति होईपर्यंत सुटी.” गणपति झाले, पितृपक्षहि गेला, तरी सुटी चालूच राहिली. घरांत मीं कारण सांगितलें नाहीं. सौभाग्यवती एकदां म्हणाल्या, “अहो, पोरें दारावरून जातांना आंत डोकावून जातात. त्यांचें कांहीं चुकलें का?” मी “बघूं” म्हटलें आणि वर्तमानपत्र उघडलें.

शेवटीं कोणाला न सांगतां नांदेडला जाऊन कान तपासून घेतले. बंद खोलींत बसवून एकेका कानांत बारीक स्वर सोडतात आणि ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें. डॉक्टरांनीं जो कागद हातीं दिला त्यावर दोन्ही कानांच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर पडल्या होत्या. ते म्हणाले, “सेकंदाला चार हजार कंपनांच्या पुढें दोन्ही कान सारखेच उतरले आहेत. तें वयाचें आहे. डाव्याउजव्यांत फरक नाहीं.”

एसटींतून औंढ्यास परत येतांना मला न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक आठवला: जें असतां कार्य होतें आणि नसतां होत नाहीं तें कारण. विद्यार्थिदशेंत हें घोकलें होतें. खुर्ची फिरवून तें वापरण्याचा प्रसंग पहिलाच. घरीं येतांच खुर्ची उलटी करून स्पीकरांकडे पाठ केली. खाँसाहेब डावीकडे आले! कान बिघडला असता तर ते पुन्हां चांगल्या कानाकडेच, म्हणजे उजवीकडे, राहिले असते. या परीक्षेस एक पैसा पडत नव्हता, आणि ती नांदेडला जाण्याआधीं सुचावयास हरकत नव्हती. पण भ्यालेल्या माणसास तर्क सुचत नाहीं.

मग डॅककडून येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली. जोर होता त्याच बाजूस राहिला, डॅक सुटला. अँप्लिफायर बंद करून स्पीकरांच्या तारा बदलल्या. आतां जोर दुसऱ्या पेटींत गेला, स्पीकरहि सुटले. उरला अँप्लिफायर. एका दुकानदारास विचारलें तर तो म्हणाला, “गुरुजी, इतका जुना माल भंगारांत द्या.” चिरंजीवांचेंहि फोनवर तेंच मत पडलें, फक्त शब्द सौम्य. मी जवळजवळ तयार झालों होतों. सहज एकदां फोनवरून आवाज अगदीं कमी केला आणि भरपाई म्हणून अँप्लिफायरचें बटण पुढें नेलें, तों खाँसाहेब सरकत सरकत मध्यभागीं येऊन बसले.

तेव्हां ध्यानांत आलें. आवाजाचें बटण घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मानिलें तर तें सातावर बंद असतें आणि पांचावर पूर्ण उघडें. कॅसेटच्या काळीं मी दहाअकरावर ऐकत असें. डॅक आल्यापासून मात्र साडेसातावरच घर भरे, आणि मी बटण आठाच्या पुढें कधीं नेलेंच नव्हतें. ट्रंकेंतून जुनें माहितीपत्रक काढिलें. त्यांत लिहिलें होतें: पूर्ण २५ वॅट शक्तीसाठीं ०.२ व्होल्ट पुरेत. डॅकच्या कागदावर आंकडा होता २ व्होल्ट. नेमका दसपट, या विद्येच्या भाषेंत वीस डेसिबेल.

हा फरक येतो कोठून? टेप आणि रेडिओ पूर्वीं साधारण पाव-अर्ध्या व्होल्टाचा संदेश देत, आणि अँप्लिफायर त्या मानानें घडविले जात. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तिच्या यंत्रांत दोन व्होल्टांची चाल पडली आणि डॅकांनीं तीच पुढें चालविली. कांहीं मोठ्या डॅकांच्या संतुलित वाटेवर तर चार व्होल्ट असतात.

आणखी एक समजूत मला सोडावी लागली. बटण फिरविलें कीं अँप्लिफायर अधिक वाढवितो असें मी तीसचाळीस वर्षें मानीत होतों. तसें नाहीं. आठ ओहमच्या स्पीकरांत २५ वॅट घालावयाचे तर सुमारें १४ व्होल्ट लागतात; म्हणजे ०.२ व्होल्टाची सत्तरपट वाढ. ही वाढ ठरलेली असते. बटण असतें तिच्या आधीं, आणि तें फक्त अडवितें. आतां घरांत ऐकावयास एक वॅटहि पुष्कळ, आणि त्यास तीन व्होल्टहि लागत नाहींत. सत्तरानें भागा: आंत जावयास हवें ०.०४ व्होल्ट, आणि दारांत उभे दोन! पन्नासांतले एकोणपन्नास भाग बटणानें अडवावयाचे.

आमच्या तालुक्यांत पूर्णेवर सिद्धेश्वरचें धरण आहे. एखाद्या कालव्याचे दोन दरवाजे एकाच दांड्यानें उचलले जातात असें समजा. ते हातभर उचलले असतां एखादा बोटभर खालीं राहिला तरी दोन्ही चाऱ्यांचें पाणी जवळजवळ सारखेंच. परंतु दोनच बोटें उचलले असतील तर तोच बोटभर फरक एका चारीचें पाणी अर्धें करतो. बटणाच्या आंत अशाच दोन कार्बनच्या पट्ट्या एका दांड्यावर असतात, डाव्याची एक व उजव्याची एक. अगदीं आरंभाच्या भागांत त्या क्वचितच जुळतात. माझा डावा कान त्या बोटभर फरकांत गेला होता.

रोग कळला, उपाय दोन. पहिला फुकटचा: फोनवर आवाज कमी ठेवावा. चोवीस बिटांच्या डॅकांत यानें सांगण्यासारखी हानि होत नाहीं, कारण सहा डेसिबेलांस एक बिट जातो आणि डिस्कवरचें ध्वनिमुद्रण सोळा बिटांचेंच असतें. मात्र संदेश लहान झाला तरी डॅकची स्वतःची बारीक खरखर जेवढ्यास तेवढीच राहते. आमच्या गांवाजवळ दुधाळ्यास गुरुत्वलहरींची जी वेधशाळा व्हावयाची आहे, जिला केंद्र सरकारनें २०२३ सालीं पूर्ण मंजुरी दिली, तिचा सारा झगडा याच खरखरीशीं आहे. चार किलोमीटर लांबीच्या नळींत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान हालचाल वेंचावयाची. तेथें संदेश अति लहान म्हणून पंचाईत, माझा अति मोठा म्हणून. खाँसाहेबांच्या तबकड्यांची जुनी खरखर इतकी कीं तींत डॅकची कोण ऐकतो! पण या उपायाचा खरा दोष मला एका संध्याकाळीं कळला. फोन आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू झाला, त्याचा आवाज होता पूर्ण, आणि अँप्लिफायरचें बटण होतें अकरावर. सौभाग्यवतींच्या हातांतली सांडशी पडली आणि शेजारचे काय झालें म्हणून धांवत आले. स्पीकर वांचले हें नशीब.

दुसरा उपाय मीं हिंगोलीस एका रेडिओदुरुस्तीच्या कारागिराकडून करून घेतला. प्रत्येक बाजूस दोन रेझिस्टन्स: दहा किलोओहमचा वाटेंत, दीड किलोओहमचा आडवा. दोहोंच्या विभागणीनें दोन व्होल्टांचे पाव व्होल्ट होतात. ०.२ हून हा आंकडा किंचित् अधिक ठेविला, कारण जुनीं ध्वनिमुद्रणें पुष्कळदां पूर्ण जोराचीं नसतात. यांत संदेशाबरोबर डॅकची खरखरहि त्याच प्रमाणांत उतरते, हा मोठा फायदा. पुढच्या यंत्राचा रोध मागच्याच्या निदान दसपट असावा असा नियम आहे. माझ्या अँप्लिफायरचा ४७ किलोओहम आणि या विभागणीचा सव्वाएकच्या आसपास, तेव्हां तेंहि जुळलें. कारागीर म्हणाला, “गुरुजी, हे अँप्लिफायरच्या टोकाला ठेवा, डॅकच्या नको, पुढची तार आंखूड बरी.” त्यानें डाख दिला, चहा पाजला आणि घेतले ते इतके थोडे कीं लिहावयास संकोच वाटतो.

आतां बटण दहावर असतें आणि खाँसाहेब भिंतीपाशीं, मध्यें. ज्यांच्या घरीं नवा डॅक आणि जुना अँप्लिफायर अशी गांठ पडली असेल त्यांनीं दोन्ही माहितीपत्रकांतले हे दोन आंकडे आधीं शेजारीं लिहून पाहावे. उलटहि घडतें: अँप्लिफायरला दोन व्होल्ट हवे आणि फोन देतो त्याच्या निम्मेहि नाहीं, तेथें बटण पुरतें उघडूनहि गाणें उपाशी राहतें.

कोजागिरीनंतरच्या रविवारीं वर्ग पुन्हां सुरू केला. नांदेडचा कागद मात्र मीं फेंकला नाहीं. ‘श’, ‘ष’, ‘स’ यांचा जो सूं-सूं असा भाग त्यांतला बराचसा त्या चार हजार कंपनांच्या वरचा, आणि तेथें माझे दोन्ही कान खरोखरच उतरले आहेत. त्याला रेझिस्टन्स नाहीं. पूर्वीं मुलें ओसरीच्या टोकापर्यंत पसरून बसत. परवां मीं सर्वांस पुढें, हातभर अंतरावर, तोंड नीट दिसेल असें बसविलें. एकानें विचारलें, “गुरुजी, इतक्या जवळ कां?” मी म्हटलें, “षष्ठी म्हण.”